‘चार’ आणि ‘चारा’

बाळा, काल नाटकाच्या तालमीत तू ‘चार गाईंना चारा घाल’ म्हणालास आणि दोन्ही च एकसारखे आले. लिहिताना अक्षर एकच, तोंडात मात्र जागा दोन. ‘चार’ म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला टेकतो. ‘चारा’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीशी येतं आणि हवा ‘त्स’सारखी घासत सुटते. डोळे मिटून म्हणून बघ. हे आरशात दिसत नाही, जिभेलाच कळतं.

ओठांसमोर पातळ कागद धर. ‘क’ला जेमतेम हलेल, ‘ख’ला फडफडेल. गळ्यावर बोटं ठेवून ‘प’ आणि ‘ब’ म्हण. ‘ब’ला ओठ उघडायच्या आधीच आत कंप लागतो. नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणशील तर ‘बाबा’ ऐकू येईल, कारण ‘म’ची हवा नाकातून जाते.

आता ण आणि ळ. आपल्या सांगलीकडच्या खेड्यांत ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात. ती चूक नव्हे, गावच्या पात्राला तेच शोभतं. पण तुझं पात्र वकिलाचं आहे, तिथे जिभेचं टोक मागे वळलंच पाहिजे. ‘ळ’ला ते टाळूवरून पुढे झटकायचं, हवा जिभेच्या कडांनी जाऊ द्यायची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक याच सांगलीत उभं केलं, इथला प्रेक्षक कानाने नाटक बघतो. उद्या अर्धा तास लवकर ये, ‘बाळ’, ‘काळ’, ‘केळं’ घेऊन बसू.