चरबीचा स्विच बंद केला तर?

प्रश्न: माझी मुलगी बायोटेक शिकतेय. परवा ती म्हणाली की चरबीच्या पेशी तयार व्हायला एक मेन स्विच लागतो, पीपीएआर-गॅमा नावाचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. मग गोळी देऊन तो बंदच का करत नाहीत, लठ्ठपणाचा प्रश्न मिटेल ना? मला काही सांगता आलं नाही.

उत्तर: मुलीने सांगितलं ते बरोबर आहे आणि तुमचा प्रश्न तर फारच चांगला आहे, कारण त्याचं उत्तर आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट निघतं.

आधी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे काय ते बघू. आपल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो, पण त्यातले कुठले जीन वाचले जातात त्यावर पेशी हाडाची होणार की चरबीची हे ठरतं. डीएनएवर ठरावीक जागी चिकटून जवळचे जीन चालू किंवा बंद करणारी प्रथिनं म्हणजे हे फॅक्टर.

चरबीच्या बाबतीत बरीचशी माहिती उंदराच्या एका पेशींच्या वाणावरून कळली, थ्रीटीथ्री-एलवन, हॉवर्ड ग्रीन यांनी १९७०च्या दशकात तयार केलेला. या पेशींना इन्सुलिन, एक स्टिरॉइड आणि अजून एक रसायन दिलं की काही तासांतच सीईबीपी-बीटा आणि सीईबीपी-डेल्टा हे दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर वाढतात, ते पुढे पीपीएआर-गॅमा आणि त्यांच्याच कुटुंबातल्या सीईबीपी-अल्फाला जागं करतात, आणि मग हे दोघं एकमेकांना चालू ठेवतात, म्हणजे सुरुवातीचा इशारा गेला तरी पेशी मागे फिरत नाही. साधारण आठवड्याभरात मायक्रोस्कोपखाली तेलाचे चमकणारे थेंब दिसायला लागतात. मला तर ते कितीही वेळा बघितलं तरी नवलच वाटतं!

या सगळ्यात पीपीएआर-गॅमाच मुख्य का? १९९४ मध्ये ब्रूस स्पीगेलमन यांच्या लॅबने तो साध्या फायब्रोब्लास्ट पेशींत (शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींमधल्या पेशींत) घातला तर त्या चरबीच्या पेशी झाल्या. पुढे असंही दिसलं की तो नसेल तर सीईबीपी-अल्फा एकटा काहीच करू शकत नाही, पण अल्फा नसताना पीपीएआर-गॅमा चरबीची पेशी बनवू शकतो.

आता बंद करण्याबद्दल. काही माणसांच्या या जीनमध्ये जन्मतःच बिघाड असतो, त्यांच्या हातापायांवर आणि नितंबांवर चरबी फार कमी असते. ऐकायला बरं वाटतं, पण यातल्या अनेकांना इन्सुलिनला दाद न देणारा डायबिटीस, खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि फॅटी लिव्हर होतं. कारण जास्तीची चरबी कुठेतरी जाणारच ना, साठवायला नीट पेशी नसतील तर ती लिव्हरमध्ये आणि स्नायूंत जाते आणि तिथे खरं नुकसान करते. म्हणून चरबीच्या पेशीला शत्रू समजू नका असं मी कळकळीने सांगते. आणि हा स्विच फक्त नव्या पेशींसाठी नसतो, उंदरांच्या तयार चरबीच्या पेशींमधून तो काढला तर त्या पेशी मरतात.

उलट डायबिटीसमध्ये दिलं जाणारं पायोग्लिटाझोन हा स्विच दाबून *चालू* करतं. वजन थोडं वाढतं तरी शुगर सुधारते, कारण चरबीला त्वचेखाली जागा मिळते आणि लिव्हरवरचा भार कमी होतो. अर्थात याचीही किंमत आहे, अंगात पाणी साठतं, त्यामुळे हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते टाळतात. शिवाय हाड बनवणाऱ्या आणि चरबीच्या पेशी मुळात एकाच प्रकारच्या मूळ पेशीपासून येतात, हाडाकडे नेणारा फॅक्टर म्हणजे रनएक्स-टू, पीपीएआर-गॅमाचं पारडं जड झालं की हाडाची बाजू कमी पडते, आणि हे औषध घेणाऱ्या बायकांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण वाढलेलं दिसलंय त्यामागे हेही एक कारण मानतात.