मास्टर ऑफ ओरायन २ या अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेममध्ये सायलॉन घेऊनही शंभर टर्नच्या आसपास मी मागे का पडतो?

प्रश्नात तपशील दिलेत ते बरं झालं. मिडियम गॅलेक्सी, अ‍ॅव्हरेज डिफिकल्टी, सुरुवात अ‍ॅव्हरेज टेकपासून, रेस (खेळायला निवडलेली जमात) सायलॉन. स्टारडेट (गेममधली तारीख) ३५०६ पर्यंत सात ग्रह वसवून झाले, ३५१० ला तिजोरी उणे, आणि पुढच्या काही टर्नमध्ये सक्रा या शेजारच्या रेसचं आरमार दारात. "सायलॉन तर गेममधली सगळ्यात हुशार रेस, मग मार मीच का खातो?" असं तुमचं म्हणणं.

तुम्ही ग्रह मोजताय, म्हणून. सात ग्रहांवर मिळून माणसं किती होती ते प्रश्नात कुठेच नाही, आणि या गेममध्ये सगळं तिथेच ठरतं.

पहिली टर्न उघडा आणि होमवर्ल्डवर, म्हणजे तुमच्या मूळ ग्रहावर, क्लिक करा. तीन रांगा दिसतील: शेतकरी, कामगार, शास्त्रज्ञ. एकूण माणसं आठ. साधा शेतकरी दोन अन्न पिकवतो आणि प्रत्येक माणूस एक खातो. म्हणजे आठांचं पोट भरायला चार जण शेतात गेले. गॅलेक्सीतल्या सर्वांत बुद्धिमान लोकांपैकी निम्मे नांगर धरून उभे! उरलेल्या चारांमध्ये तुमचे कारखाने आणि तुमचा रिसर्च. साधा शास्त्रज्ञ तीन रिसर्च पॉइंट देतो, सायलॉन पाच. थोडक्यात, शेतातून लॅबमध्ये नेलेला एकेक सायलॉन दर टर्नला पाच पॉइंटांचा आहे. क्लॅकॉन या दुसऱ्या रेसकडे शेतीचा बोनस आहे, वर त्यांची राज्यव्यवस्था युनिफिकेशन, म्हणजे अन्न आणि उत्पादन दोन्ही दीडपट. त्यांची शेतात माणसं कमी लागतात, तुमची जास्त. शंभर टर्न हा फरक साचत गेला की काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

म्हणून अ‍ॅस्ट्रो बायोलॉजी लवकर घ्या. फक्त ८० पॉइंटांचं आहे. इतर रेसना हायड्रोपोनिक फार्म आणि बायोस्फिअर यांतलं एकच निवडावं लागतं, सायलॉन क्रिएटिव्ह असल्यामुळे तुम्हाला दोन्ही मिळतात. फार्म दोन अन्न देतो, म्हणजे एक शेतकरी मोकळा. बायोस्फिअर ग्रहाची कमाल लोकसंख्या दोनने वाढवतो. दोन्ही दिसायला अगदी किरकोळ, आणि बहुतेक नवे खेळाडू लेझर की मास ड्रायव्हर, कोणतं शस्त्र घ्यायचं या विचारात यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

त्याच्या बरोबरीने कन्स्ट्रक्शनमध्ये ऑटोमेटेड फॅक्टरीपर्यंत जा (८० आणि मग १५०), नंतर कॉम्प्युटर्समध्ये ऑप्ट्रॉनिक्स, म्हणजे रिसर्च लॅब. फॅक्टरी प्रत्येक कामगारामागे एक आणि वर सरसकट पाच उत्पादन देते; लॅब शास्त्रज्ञांच्या बाबतीत तेच करते. हे सरसकट पाच फार महत्त्वाचे आहेत, का ते आता सांगतो.

तुमचे सात ग्रह. त्यातल्या एका नव्या कॉलनीवर जाऊन बघा. एक माणूस. खनिज ‘अबंडंट’, म्हणजे कामगारामागे तीन उत्पादन. पण सायलॉन लो-ग्रॅव्हिटीवाले आहेत, त्यामुळे नॉर्मल ग्रॅव्हिटीच्या ग्रहावर त्यांचं सगळंच काम पंचवीस टक्के कमी होतं. हेवी ग्रॅव्हिटीवर तर निम्मं. त्यात सायलॉनांची राज्यव्यवस्था डिक्टेटरशिप. मरीन बॅरक्स नसतील तिथे मोराल वीस टक्क्यांनी खाली. अशा ग्रहावर ६० उत्पादनाची फॅक्टरी उभी राहायला वीस-पंचवीस टर्न सहज जातात. तोवर तो ग्रह तुम्हाला काही देत नाही. नकाशावर तुमच्या रंगाचा एक ठिपका वाढला, बस्स.

हे सात ठिकाणी केलंत आणि एकेका कॉलनी शिपला ५०० उत्पादन मोजलंत. तेवढ्यात होमवर्ल्डवर फॅक्टरी, लॅब, फार्म होऊन वर बरंच उरलं असतं.

मग वसवायचंच नाही का? वसवायचं, पण बघून. आपल्याच सूर्यमालेत दुसरा बरा ग्रह असेल तर कॉलनी बेस २०० मध्ये होतो, तो आधी. सुरुवातीला जे एक कॉलनी शिप हातात असतं ते घाईने शेजारी उतरवू नका. स्काउट दोन-चार टर्न फिरू द्या. एखाद्या ग्रहावर नेटिव्ह दिसले तर डोळे मिटून तिथे उतरा. नेटिव्ह दुसरं काही करत नाहीत, फक्त शेती करतात, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. ते रानात, तुमची माणसं लॅबमध्ये. अन्न एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे न्यायला फ्रेटर (मालवाहू जहाजं) लागतात, त्यांचा एक ताफा आधीच बांधून ठेवा.

जिथे फक्त पल्ला वाढवायचा आहे तिथे आउटपोस्ट, म्हणजे माणसं नसलेलं ठाणं, पुरतं. १०० उत्पादन, लघुग्रहांच्या पट्ट्यातसुद्धा बसतं. सुरुवातीच्या फ्युएल सेलचा पल्ला चार पार्सेक असतो, त्यामुळे एखादं आउटपोस्ट नीट जागी बसलं तर अर्धा नकाशा उघडतो.

आता माणसं वाढवायची कशी? लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढते ती ग्रह साधारण अर्धा भरलेला असताना. एकच माणूस असलेली कॉलनी रखडते आणि तुडुंब भरलेलं होमवर्ल्डही रखडतं. तेव्हा होमवर्ल्ड भरत आलं की तिथून माणसं उचलून नव्या कॉलनीवर टाकायची. एका माणसाला पाच फ्रेटर लागतात, म्हणजे एक पूर्ण ताफा. दोन-तीन माणसं गेली की दोन्हीकडची वाढ जोर धरते. कॉलनी स्क्रीनवर ती छोटी चित्रं उचलून दुसऱ्या ग्रहावर टाकता येतात हे वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही कधी कधी ठाऊक नसतं. आधी फॅक्टरी, आणि चारेक माणसं झाली की बॅरक्स, हा क्रम मला पटतो. काही जण बॅरक्स आधी बांधतात. पण एका माणसाचं मोराल सुधारून हाती काय लागणार?

नव्या कॉलनीवरची पहिली फॅक्टरी पैसे देऊन पूर्ण करा. मात्र पहिल्याच टर्नला विकत घेऊ नका. बांधकाम शून्यावर असताना दर सर्वांत महाग असतो आणि काम अर्ध्यावर गेलं की उरलेल्या प्रत्येक युनिटचा दर सुरुवातीच्या निम्म्यावर येतो. म्हणून निदान थोडं काम होऊ द्या. एकदा का ते सरसकट पाच उत्पादन सुरू झालं की एकट्या माणसाच्या कॉलनीचं काम दुपटीच्याही वर जातं, आणि पुढच्या इमारती तिच्या तीच बांधते.

तिजोरी उणे का गेली? इथे मला बहुतेक खात्री आहे की कमांड पॉइंट, म्हणजे किती जहाजं सांभाळता येतील याची मर्यादा. प्रत्येक जहाज काही कमांड पॉइंट खातं, फ्रिगेट एक, बॅटलशिप चार. कॉलनी शिप, आउटपोस्ट शिप आणि ट्रान्सपोर्टही एकेक खातात, जागेवर पोचेपर्यंत. मर्यादा ओलांडली की वरच्या प्रत्येक पॉइंटमागे दर टर्नला १० बीसी (गेममधलं चलन) जातात. तुमच्या संपूर्ण राज्यात डोईमागे कर येतो एक बीसी. म्हणजे मर्यादेबाहेरचं एक फ्रिगेट दहा माणसांचा कर गिळतं. सक्रांच्या भीतीने सहा-सात फ्रिगेट बांधली असतील तर तिजोरीचं कोडं सुटलं. स्टार बेस बांधला की मर्यादा एकाने वाढते आणि तो स्वतः लढतोही. सीमेवरच्या दोन कॉलन्यांवर स्टार बेस आणि मिसाइल बेस असले की अ‍ॅव्हरेज लेव्हलचा कॉम्प्युटर सुरुवातीच्या काळात सहसा दुसरीकडे वळतो.

त्याआधी बोलून बघा. सायलॉन रिपल्सिव्ह नाहीत, करार करू शकतात, आणि याचा फायदा फार कमी लोक घेतात. भेट झाली की ट्रेड ट्रीटी. ती सुरुवातीला तोट्यात दिसते म्हणून घाबरून मोडू नका, काही टर्नमध्ये नफ्यात येते. क्रिएटिव्ह असल्याने इतरांनी सोडून दिलेली टेक तुमच्याकडे असतात. शस्त्रं सोडून एखादं देऊन टाका, शेजारी शांत राहतो. तुमच्या गेममध्ये सक्रांशी एकदाही बोलणी झालेली दिसत नाहीत.

तरीही ते येतीलच, कारण सक्रांची वाढ दुप्पट वेगाने होते आणि त्यांना जागा पुरत नाही. सुरुवातीच्या लढायांना माझी पसंती मिसाइलला. मिसाइलचा रॅक निवडताना दोनच शॉटचा घ्या, म्हणजे एका लढाईत दोनदाच डागता येणारा. वीस शॉटचा रॅक इतकी जागा खातो की जहाजावर मोजकेच बसतात, आणि लढाई तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत संपते. पाच-सहा डिस्ट्रॉयर न्यूक्लिअर मिसाइलने ठासून भरलेले, सगळ्यांचा नेम एकाच जहाजावर, मग दुसऱ्यावर. त्यासाठी नव्या गेमच्या पर्यायांत टॅक्टिकल कॉम्बॅट सुरूच ठेवा, नाहीतर जहाजांचं डिझाइनच तुमच्या हातात राहत नाही. पुढे शत्रूकडे अँटी-मिसाइल रॉकेट आणि जॅमर आले की हा डाव संपला, मग बीम शस्त्रांकडे वळा. मास ड्रायव्हर साधा असला तरी अंतराने त्याचा मारा कमी होत नाही.

लढाई जिंकलीत तर बॉम्ब टाकू नका. खालच्या माणसांवर आणि इमारतींवरच तर डोळा ठेवायचाय. मरीन उतरवा. एका ट्रान्सपोर्टमध्ये चार तुकड्या मावतात, आणि लो-ग्रॅव्हिटीचे लोक जमिनीवरच्या लढाईत कच्चे, शिवाय सक्रा जमिनीखाली राहणारे असल्याने बचावात चिवट. तेव्हा त्यांच्या दुप्पट नेलेत तरच बेत आखा.

आणि आता खरी गंमत. जिंकलेली माणसं आपले गुण सोबत घेऊन येतात. सक्रा शेतकरी तुमच्या राज्यातही जास्तच पिकवतो, आणि नॉर्मल ग्रॅव्हिटीचा त्याला काही त्रास नाही. सुरुवातीला ते पूर्ण तुमचे झालेले नसतात, बंड होऊ शकतं, म्हणून मरीन तिथेच ठेवा आणि त्यांना मिसळायला वेळ द्या. पण सक्रांचे दोन भरलेले ग्रह हाती आले की होमवर्ल्डच्या शेतातला शेवटचा सायलॉनही लॅबमध्ये बसतो. पाचशे उत्पादनाच्या एका कॉलनी शिपमधून एक माणूस येतो. एका नीट केलेल्या स्वारीतून दहा येतात, तेही बांधलेल्या इमारतींसकट. मी सायलॉन घेऊन खेळतो तेव्हा शेजारी सक्रा निघाले तर मला आनंदच होतो.

गॅलॅक्टिक कौन्सिलची मतंही लोकसंख्येवरच मिळतात. दोन तृतीयांश मतं पडली की गेम तिथेच जिंकला. त्यामुळे मधल्या काळात एखादी रेस फुगत चालली असेल तर तिच्या आरमारापेक्षा तिच्या डोक्यांकडे लक्ष ठेवा. इन्फो स्क्रीनवरचा लोकसंख्येचा आलेख दर दहा टर्नला उघडायची सवय लावून घ्या.

उरलेलं थोडक्यात. ओरायन ताऱ्याची राखण करणाऱ्या गार्डियनला लवकर डिवचू नका. ड्रॅगन किंवा हायड्रा असे अंतराळी राक्षस बसलेल्या ग्रहांवरही तेच. पहिल्या काही गेममध्ये ‘अँटारन्स अटॅक’ (अँटारन नावाच्या बलाढ्य शत्रूच्या धाडी) हा पर्याय बंद ठेवायला लाज वाटून घेऊ नका, शिकताना मध्येच कुणीतरी येऊन होमवर्ल्ड फोडून गेलं की शिकायचं ते राहूनच जातं. हेर दोन-तीन असू द्यात, निदान बचावाला. आणि अधिकृत शेवटची आवृत्ती १.३१, चाहत्यांनी पुढे १.५० पॅच काढलाय, पण आधी मूळ गेम अंगवळणी पडू दे. २०१६ चा नवा मास्टर ऑफ ओरायन घ्यावा का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दिसायला सुंदर आहे. मी परत १९९६ च्याच गेमकडे आलो.

सायलॉनांचा कंटाळा आला की कस्टम रेस करून बघा. गुण निवडायला दहा पिक्स (पॉइंट) मिळतात, त्यातले सहा युनिफिकेशनला घाला. मोरालची कटकट संपली, बॅरक्सची घाई संपली, आणि पहिल्याच टर्नला तेच आठ लोक जेवायला चारऐवजी तीन शेतकरी पुरतात.