ग्लुकोमीटरवर ७.८, लॅबमध्ये १३२: खरं काय?

प्रश्न: मुलाने कॅनडाहून ग्लुकोमीटर पाठवला आहे. सकाळी उपाशीपोटी त्यावर ७.८ आलं. लगेच लॅबमध्ये रक्त दिलं, तर रिपोर्टमध्ये १३२. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मशीन ठीक आहे, एकक वेगळं आहे. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ग्लुकोजचा रेणूभार १८०, आणि एका लिटरचे दहा डेसिलिटर, म्हणून मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणायचं. तुमचे ७.८ म्हणजे १४०.

राहिला १४० आणि १३२ मधला फरक. घरगुती मीटरसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात साखर १०० किंवा जास्त असेल तर लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम. १३२ ला ही मुभा ११२ ते १५२ अशी येते. तुमचा आकडा त्यात आरामात बसतो. पडताळा मात्र नेहमी असाच, उपाशीपोटी घ्यावा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, तेव्हाची तुलना फसवते.

आम्हाला खरी काळजी वाटते ती दशांश चिन्हाची. स्क्रीनवर १२.४ असताना घाईत किंवा चष्म्याशिवाय कोणी १२४ वाचलं, तर साखर आटोक्यात आहे असं वाटेल. प्रत्यक्षात ती २२३ आहे. इन्सुलिनचा डोस आकड्यावर ठरत असेल तर हे महागात पडतं. वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. सेटिंगमध्ये एकक बदलता येतं का ते माहितीपत्रकात पाहा, पण हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये ते कारखान्यातच कायम केलेलं असतं. शिवाय पट्ट्या त्याच मॉडेलच्या लागतात. रोजच्या वापरासाठी इथल्या एककाचं, इथे पट्ट्या मिळणारं मशीनच घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न: दोन मिनिटांत दोन बोटांवर १६२ आणि २४८! कोणता आकडा धरायचा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: एकही नाही. साबण-पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा आणि नव्या पट्टीवर पुन्हा मोजा. पट्टीला रक्ताचा इवलासा थेंब लागतो, त्यामुळे आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरची साखर त्यात मिसळली की आकडा भलताच चढतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती निघत नाही. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि आकडा उतरतो. टोचायचं बोटाच्या कडेला. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून झटका, बोट जोरात पिळू नका.

हात स्वच्छ असूनही असंच झालं तर पट्ट्यांची डबी पाहा. मुदत संपली आहे का? झाकण उघडं राहिलं होतं का? कोकणातल्या पावसाळी हवेत ओल लागून पट्ट्या लवकर खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच बंद करा, आणि डबी फ्रिजमध्ये ठेवू नका.

रक्त कमी असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर बऱ्याच मीटरवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांना मीटरची वही दाखवताना तेही सांगा.