टर्बोचा मोह आणि भूमकर चौकाचा सिग्नल

जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि आमच्या गॅरेजवाल्या सल्लागारांची उत्तरं

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. गाव सांगली, नोकरी हिंजवडी फेज तीनला, राहायला वाकडला. पहिलीच गाडी घेतोय. 2016 ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बघितली. एमएच 14 पासिंग, दुसरा मालक, 68 हजार किलोमीटर. पाच लाख दहा हजार सांगतोय, थोडे कमी होतील. इंजिनाला 'स्टेज वन' केलंय, आवाजासाठी एक्झॉस्टही बदललाय. हे सगळं तुम्हाला फुकटात मिळतंय, असं त्याचं म्हणणं. चालवून बघितली आणि वेडच लागलं. बाबा म्हणतात, 'स्विफ्ट घे आणि गप्प बस.' रोज ऑफिसला नेणार, महिन्यातून एकदा-दोनदा सांगली. काय काय बघून घेऊ?

उत्तर : वेड लागणारच, गाडीच तशी आहे. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, आणि 175 न्यूटन-मीटरचा टॉर्क पंधराशे आरपीएमलाच हजर. शिवाय गाडी घसरायला लागली की सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे. दोन एअरबॅगवाल्या पोलोला 2014 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारेही मिळाले होते. आपल्या चाकणच्या कारखान्यातली गाडी आहे, दरवाजा लावल्याचा आवाज ऐकूनच निम्मे लोक टोकन देतात.

पण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष गाडीपेक्षा वाकड ते फेज तीन या रस्त्याकडे गेलं.

या गाडीत सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आत दोन क्लच असतात, एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा आणि रिव्हर्स. हे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. त्यामुळे गाडी चपळ राहते, पेट्रोलही वाचतं, पण तापलेल्या क्लचची उष्णता ओढून न्यायला तेल नसतं. आता भूमकर चौक डोळ्यापुढे आणा. दोन फूट पुढे, थांबा, परत दोन फूट पुढे. ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की कॉम्प्युटर क्लच अर्धवट पकडतो आणि तो घासत राहतो. हायवेला सांगलीपर्यंत जेवढा झिजणार नाही, तेवढा तो ऑफिसच्या एका संध्याकाळी झिजतो. या जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी फक्त आपल्याकडच्या नाहीत. 2013 मध्ये चीनमध्ये डीएसजीमुळे फोक्सवॅगनला 3,84,000 च्या वर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

क्लचच्या जोडीला मेकॅट्रॉनिक असतं. गिअर बदलणारे व्हॉल्व्ह, पंप आणि कॉम्प्युटर असं सगळं एकाच डब्यात. ते गेलं की मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं आणि गाडी कुठे असेल तिथे उभी राहते. क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिक दोन्ही एकदम निघालं तर बिल लाखाच्या वर जातं. भाव ठरवायला बसण्याआधी अधिकृत वर्कशॉपमधून आणि बाहेरच्या एखाद्या जाणकार गॅरेजमधून या दोन्हींचं कोटेशन लेखी घ्या. तो कागद खिशात असला की पाच-दहा हजारांची घासाघीस किती बारीक आहे ते कळतं.

तुम्ही गाडी चालवलीत ती बहुतेक मोकळ्या रस्त्यावर. तिथे प्रत्येक जीटी गोडच चालते. परत जा, सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. मग सुरू करून डी टाका आणि एक्सलरेटरला पाय न लावता ब्रेक सोडा. गाडी सरळ, एकसारखी सरकली पाहिजे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर स्टिअरिंगपर्यंत आली तर क्लच बोलतोय असं समजा. मग मुद्दाम गर्दीत अर्धा तास घाला आणि गाडी तापल्यावर हेच सगळं परत करा. सोसायटीच्या तळघरातून चढावर रिव्हर्समध्ये हळू वर आणा. डीवरून आरला टाकल्यावर गिअर पडायला वेळ लागतो का, ठक्क असा धक्का बसतो का, तेही बघा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचा तो यानंतर. विकणारा हुशार असेल तर आदल्या दिवशी कोड पुसून ठेवतो, आणि स्कॅनरवर सगळं स्वच्छ दिसतं. त्रास खरा असला तर तापलेली गाडी तासाभरात कोड परत दाखवू शकते. स्कॅन करताना नुसतं इंजिन नको, गिअरबॉक्सचं मॉड्यूलही उघडायला सांगा.

आता त्या 'फुकट' स्टेज वनविषयी. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढवतात, त्याला स्टेज वन म्हणतात. टॉर्क वाढतो, मजाही वाढते. पण कंपनीने हा कोरडा डीएसजी 250 न्यूटन-मीटरच्या मर्यादेत ठेवलाय, आणि 175 ते 250 मधल्या फरकावरच तो इतकी वर्षं टिकतो. तो फरक आधीच्या मालकाने वापरून टाकला, आता उरलेला क्लच तुम्ही विकत घेताय. 'देताना स्टॉक करून देतो', म्हणजे कंपनीसारखं मूळ करून देतो, असंही तो म्हणेल. नकाशा जुना होईल, झीज कशी जुनी होणार? माझ्याकडे एक टर्बो हॅचबॅक तपासायला आली होती. मालकाने सॉफ्टवेअर स्टॉक केलं होतं, एअर फिल्टरचा डबाही कंपनीचा बसवला होता. स्पार्क प्लग काढले तर ते कंपनीच्या नंबरचे नव्हतेच, वाढवलेल्या दाबासाठी घालतात ते थंड जातीचे होते. तेवढं काढायचं राहून गेलं होतं.

एक्झॉस्टबद्दल एकच प्रश्न विचारा : जुना कुठाय? ज्याने गाडी जिवापाड सांभाळली त्याच्या माळ्यावर कंपनीचा एक्झॉस्ट फडक्यात गुंडाळलेला सापडतो. 'विकून टाकला' असं उत्तर आलं तर खालून गाडी बघताना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का तेही बघा, कारण तो कापलेला असेल तर पीयूसीला रडायची वेळ तुमच्यावर येईल. कायदाही मालकाच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलंय. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला हे बदल दिसले, तर क्लेमचं भांडण तुम्हाला लढायचंय. स्टेज वन करणारा तेव्हा दुसरी गाडी चालवत असेल.

आधीचा मालक कसा चालवायचा हे तो सांगणार नाही, ई-चलान सांगतात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की यादी येते. द्रुतगती मार्गावर कॅमेरे लागल्यापासून या याद्या फार बोलक्या झाल्यात. नो पार्किंगची चलानं असली तर सोडून द्या. ओव्हरस्पीडची रांग लागली असेल आणि त्यातली काही 60 च्या मर्यादेच्या घाटातली असतील, तर त्या गाडीचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघा. चलान भरल्याशिवाय व्यवहार करू नका, हे वेगळं सांगायला नको.

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2318 असेल तर 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायरचे आकडे वाचा, आणि आतल्या कडेला हात फिरवा. बाहेरून रबर भरपूर आणि आतून गुळगुळीत असेल, तर स्प्रिंग कापून गाडी खाली केली होती किंवा रॉड-आर्म वाकलेत.

सर्व्हिसच्या बिलांवर ऑइलचा ग्रेड वाचा. या इंजिनाला फोक्सवॅगनच्या 502 00 मानकाचं ऑइल लागतं. 'फुल्ली सिंथेटिक' एवढंच लिहिलेलं असलं तर ते पुरेसं नाही. टर्बोचं आयुष्य त्या ऑइलवर आहे. शिवाय या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर काजळी साचत जाते. सकाळी थंड असताना इंजिन खडबडत असेल तर ते एक कारण असू शकतं. आणि पंपावर आता ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. रबरी पाइप आणि सील बघून घ्या. कागदावर मायलेज 17.2 आहे, हिंजवडीत दहा-अकरा मिळालं तरी आनंद माना.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात. नाव बदलल्यावर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो मालकाबरोबर जातो. म्हणून 'विमा वर्षभर आहे' याचे पैसे भावात धरू देऊ नका.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो : ही गाडी सोडा. जीटीवर माझा राग नाही. दुसरा मालक, स्टेज वन आणि रोजचा वाकड-हिंजवडी ट्रॅफिक या तिन्ही गोष्टींचा भार एकाच क्लचवर पडतोय, म्हणून. पोलोच हवी असेल तर 2020 नंतरची 1.0 टीएसआय बघा. 110 पीएस आहे, मॅन्युअलमध्ये सहा गिअर, आणि तिच्या ऑटोमॅटिकमध्ये हा कोरडा डीएसजी नाही, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. पैसे जास्त लागतील, तेव्हा वर्षभर थांबा. ऑफिसला कंपनीच्या बसने जाणार असाल आणि गाडी फक्त सांगलीसाठी ठेवणार असाल, तर माझं उत्तर बदलतं. मग पहिल्या मालकाची, न छेडलेली, सगळी बिलं असलेली जीटी शोधा आणि लाखभर रुपये बाजूला ठेवून घ्या. खंबाटकीच्या चढावर ती गाडी काय करते ते मला माहीत आहे, त्यामुळे तुम्हाला पूर्ण परावृत्त करणं मला जमणार नाही. बाबांना मात्र क्लचचं कोटेशन दाखवू नका.

प्रश्न : मुलगा अबार्थ पुंटो घ्यायची म्हणून हटून बसलाय. 145 हॉर्सपॉवरची गाडी इतकी स्वस्त कशी? यात काही गोम आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, गोम गाडीत नाही, गाडीच्या मागे उभं राहणारं कुणी नाही यात आहे. रांजणगावला बनलेली ही गाडी 2015 मध्ये आली. पुढे फियाटने भारतात गाड्या विकणंच बंद केलं. इंजिन 1.4 टी-जेट, त्याच कुळातलं इंजिन लिनियातही होतं, त्यामुळे इंजिनाचं थोडंफार निभावतं. पण अबार्थचा खास बंपर, चाकं, सस्पेन्शनचे तुकडे शोधायला मुलाला फियाटवेड्या लोकांच्या ओळखी लागतील. साध्या पुंटोपेक्षा ती जमिनीला जवळ आहे, 155 मिलिमीटर. तुमच्या सोसायटीच्या गेटजवळचा गतिरोधक एकदा बघून घ्या. घरात दुसरी गाडी असेल आणि ओळखीचा मेकॅनिक 'मी बघतो' म्हणाला असेल, तर घेऊ द्या. एकुलती एक गाडी म्हणून नको. पार्टची वाट बघत ती महिनाभर गॅरेजमध्ये थांबली, तर तुम्ही रिक्षाने फिराल आणि तो चिडचिड करेल. आणि एवढी ताकद पुढच्या दोन चाकांवर आहे, तेव्हा पावसाळ्याआधी चारही टायर चांगले घाला, त्यात काटकसर करू देऊ नका.

प्रश्न : कोल्हापूरची, एमएच 09 पासिंगची बलेनो आरएस मिळतेय. मी मडगावला असतो. घ्यावी का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : छोट्या टर्बो गाड्यांत हिचा त्रास कमी. 2017 मध्ये आली, एक लिटरचं बूस्टरजेट इंजिन, गिअर मॅन्युअलच, मागेही डिस्क ब्रेक. सर्व्हिस सेंटर गल्लोगल्ली आहेत. पण इंजिन आणि मागचे ब्रेक साध्या बलेनोचे नाहीत, आणि आरएस फार विकल्याही गेल्या नाहीत, त्यामुळे काही पार्ट ऑर्डर करून मागवावे लागतील, आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही शोधावं लागेल.

तुमच्या बाबतीत मोठा खर्च पासिंगचा आहे. कोल्हापूर आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मग गोव्यात परत नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स. मडगावच्या आरटीओत जाऊन तो आकडा आधी काढा आणि गाडीच्या भावात मिळवून बघा. बऱ्याचदा गोवा पासिंगची गाडी 'महाग' म्हणून सोडलेली असते, ती तेवढ्यालाच पडते. तरीही कोल्हापूरचीच घ्यायची ठरली, तर आधी टोकन द्या आणि उरलेली रक्कम एनओसी हातात पडल्यावर.