घार सूर्याकडे बघत नाही

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही दांडिया बाजारात राहतो. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. यंदा वासी उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी वारा पडला, तेव्हा गच्चीवरच्या मुलांनी पैज लावली : घारीसारखं सूर्याकडे कोण जास्त वेळ बघतं. हा जिंकला. रात्री जेवताना म्हणाला, ताटाच्या मधोमध करडा ठिपका दिसतोय. आम्ही दोन दिवस वाट पाहिली, मग दवाखान्यात नेलं. स्कॅन काढून तिथले डॉक्टर म्हणाले, पडद्याला सूर्याची इजा झाली आहे, औषध नाही, थांबून बघू. सासूबाईंचं म्हणणं, घारी जन्मभर सूर्यासमोर फिरतात, त्यांना काही होत नाही, मग पोराला दोन मिनिटांत काय होणार? हे बरं होईल ना? आणि घारीला खरंच काही होत नाही का?
– एक आई, बडोदा

उत्तर : ताई, आधी मुलाचं बोलू. सूर्याने झालेल्या अशा इजेत बहुतेकांची नजर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बरीच सुधारते. काहींना बारीकसा ठिपका कायमचा राहतो, सुईत दोरा ओवताना किंवा बारीक अक्षर वाचताना तो जाणवतो. कुणाचा पूर्ण जाईल आणि कुणाचा राहील, हे पहिल्या आठवड्यात कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका. या दुखण्यात त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. घरी एवढं करा : दर रविवारी चौकटीच्या वहीचं पान त्याच्यासमोर धरा, एक डोळा झाकून मधल्या चौकटीकडे बघायला सांगा, मग दुसरा. कुठली चौकट पुसट दिसते, कुठली रेघ वाकडी, ते त्याच्याच हाताने पेन्सिलीने काढून घ्या आणि तारीख घाला. पुढच्या तपासणीला ही पानं बरोबर न्या. आणि त्याला रागावू नका. माझ्यासमोर बसलेल्या अशा मुलांपैकी निम्म्यांनी घरी सांगायला उशीर केला होता, तो फक्त मार बसेल म्हणून.

त्याला त्या वेळी काहीच कसं दुखलं नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असेलच. पडद्याला वेदना कळत नाही. तव्याला बोट लागलं तर हात आपोआप मागे येतो, पडद्याकडे तशी सोयच नाही. इजा दुपारी होते आणि ठिपका काही तासांनी दिसायला लागतो. म्हणून मुलांना ‘डोळे दुखले की थांबा’ असं सांगून भागत नाही.

आपण ‘पडदा भाजला’ म्हणतो, पण सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर जे होतं ते मुख्यतः उष्णतेने होत नाही. तेलाची बरणी उन्हात ठेवली की तेल खवट होतं ना, ते याच्या जास्त जवळचं आहे. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं पातळ, तेलकट पापुद्र्यांच्या चळतीने बनलेली असतात. तिथे प्राणवायूची चंगळ असते, कारण पडदा हा शरीरातल्या सर्वांत जास्त प्राणवायू खाणाऱ्या भागांपैकी एक आहे. तेलकट पापुद्रा, भरपूर प्राणवायू आणि वरून प्रकाश, त्यातही निळा-जांभळा, हे एकत्र आलं की पापुद्रे तेलासारखे खराब होतात. पेशी ही झीज रोज भरून काढतात. जुने पापुद्रे टाकून नवे घडवतात, साधारण दहा दिवसांत सगळी चळत नवी होते. तुमच्या मुलाची नजर सुधारण्याची आशा मुख्यतः इथे आहे. मात्र पेशीच मेली तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

आता इजा नेमकी मधोमधच का? सूर्य आपल्या पडद्यावर उमटतो तो जेमतेम दीड दशांश मिलिमीटरचा. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो त्याचं चित्र पडद्याच्या मधल्या खळगीत पडतं. या खळगीत शंकूपेशी, म्हणजे उजेडात रंग आणि बारीक तपशील टिपणाऱ्या पेशी, दाटीने बसलेल्या असतात आणि प्रकाशाची वाट अडू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आणि वरचे थर बाजूला सरकलेले असतात. वाचणं, ओळखणं, रांगोळीचा ठिपका बरोबर जागी टाकणं, सगळं या एवढ्याशा खळगीवर चालतं. मुलाने पैज जिंकली म्हणजे सूर्याचं चित्र या खळगीत सर्वांत जास्त वेळ स्थिर धरून ठेवलं. शिवाय मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांच्यापेक्षा नितळ असतं, निळा आणि थोडा अतिनील प्रकाश त्यातून जास्त आत जातो.

आता घार. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दर उत्तरायणात मी जखमी पक्ष्यांच्या एका शिबिरात जाते. टाके घालणं पशुवैद्यांचं काम. मी पक्षी धरते, आणि ज्याच्या डोळ्याला मार असेल त्याचा डोळा बघते. पहिल्यांदा घारीच्या डोळ्यात ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहिलं, त्या दिवशी मी घरी येऊन रात्री उशिरापर्यंत जागी होते. 31 वर्षं माणसांचे पडदे पाहिलेले, त्यांच्यावर रक्तवाहिन्यांची फांदोरी असायचीच. इथे पडद्यावर एकही रक्तवाहिनी नाही. त्याऐवजी आत काळ्या कंगव्यासारखी एक घडीदार रचना उभी आहे आणि तीच पडद्याला पोसते. बाहुली मोठी करायला आपण माणसाच्या डोळ्यात जे थेंब घालतो, ते पक्ष्यावर चालत नाहीत, कारण त्यांच्या बुबुळाचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे असतात. माझ्या डोळ्यांदेखत ती बाहुली क्षणात टाचणीएवढी होत होती आणि क्षणात मोठी.

त्या घारीचं तोंड शिबिराच्या दाराकडे, उन्हाकडे झालं की ती मान वळवून घ्यायची. प्रत्येक वेळी. सासूबाईंना हे जरूर सांगा : घार सूर्यासमोर फिरते, सूर्याकडे बघत नाही. ही गैरसमजूत फार जुनी आहे. गरुड आपल्या पिलांना सूर्याकडे बघायला लावतो आणि जे डोळे मिटेल त्याला टाकून देतो, असं ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आणि रोममध्ये प्लिनीने ते पुढे चालवलं. तसं काही नसतं.

शिकारी पक्ष्याचा पडदा आपल्यापेक्षा दणकट नाही. एका अर्थी त्याची जोखीम जास्त आहे, कारण गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात एकाऐवजी दोन खळग्या असतात. एक खोल, बाजूचं लांबचं बघणारी. दुसरी उथळ, समोरचं बघणारी. म्हणूनच लांबचं सावज न्याहाळताना हे पक्षी मान तिरकी करतात. सुरसागरच्या काठावर थोडा वेळ उभ्या राहिलात तर घार हे करताना दिसेल. ऑस्ट्रेलियातल्या पाचरशेपट्या गरुडाची नजर मोजली तेव्हा ती माणसाच्या दुपटीहून थोडी अधिक भरली. ‘आठपट’ वगैरे जे फिरतं त्यावर विश्वास ठेवू नका. ही तीक्ष्ण नजर भरपूर उजेडातच चालते, संध्याकाळ झाली की झपाट्याने उतरते. म्हणजे या पक्ष्याला उजेडापासून लांब राहता येत नाही आणि उजेडाचा मारा तर चुकवायचाच आहे.

तो चुकवण्याची तजवीज डोळ्यावर, डोळ्यात आणि पेशीत, तिन्ही ठिकाणी आहे. गरुडाच्या डोळ्यावर हाडाची कपारी पुढे आलेली असते, ज्यामुळे तो रागावल्यासारखा दिसतो. तो त्याच्या टोपीचा छज्जा आहे. बहिरी ससाण्याच्या डोळ्याखाली काळा पट्टा असतो. जगभरचे फोटो ताडून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जिथे ऊन जास्त तिथल्या ससाण्यांचा पट्टा मोठा आणि गडद असतो, गालावरून उलटणारी चकाकी तो कमी करत असावा. डोळ्यात पुढचे थर अतिनील प्रकाश बराचसा गाळतात. आणि पक्ष्यांच्या शंकूपेशींत तेलाचा एकेक रंगीत थेंब असतो, लाल, नारिंगी, पिवळा. प्रकाश टोकाच्या पापुद्र्यांवर पडण्याआधी या थेंबातून जातो, जणू पेशीपेशीला स्वतंत्र चष्मा. हे रंग अन्नातून येतात. जपानी लाव्यांना झिअ‍ॅझँथिन हे पिवळं रंगद्रव्य खाऊ घातलं तेव्हा प्रखर प्रकाशात त्यांच्या कमी पेशी मेल्या, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं. आपल्या खळगीभोवतीचा पिवळेपणाही असाच अन्नातून येतो. मका, पालेभाज्या, अंड्याचा बलक. ते मुलाला जरूर द्या, पण ठिपक्यावरचं औषध म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट मला आमच्या गच्चीवर बसून कळली. घार घिरट्या घालते तेव्हा सूर्य तिच्या डोळ्यात एका जागी राहतच नाही. अर्ध्या फेरीत तो पाठीशी जातो. पतंग उडवणारं पोर मात्र एका दिशेला तोंड करून तासन्‌तास उभं असतं. 14 जानेवारीला बडोद्यात भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला साधारण 46 अंशांवर असतो. वारा उत्तरेचा असला की पतंगही दक्षिणेलाच जातो. दोघं शेजारी. पेच लागलेला असताना नजर ओझरती सूर्यावरून गेली तर घाबरायचं कारण नाही, पापणी आपलं काम करते. पुढच्या उत्तरायणाला मुलाला छज्जावाली टोपी द्या, गॉगल द्या. पण गॉगल लावून सूर्याकडे बघता येतं असं त्याला वाटू देऊ नका.

प्रश्न : माझे यजमान रात्री अंधारात फोन बघतात. त्या निळ्या प्रकाशाने पडदा जळतो म्हणून सून महागडा चष्मा आणा म्हणते. आणावा का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : नको. फोनच्या पडद्याची झळाळी काही शे कँडेला दर चौरस मीटर असते, सूर्याची सुमारे 160 कोटी. दिवसाचं निळं आकाशही फोनपेक्षा कितीतरी उजळ असतं. फोनने झोप मोडते, डोळे कोरडे होतात, तेवढ्यासाठी तो लवकर ठेवायला सांगा. पैसे वाचवून ग्रहणाचे चष्मे घ्या. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. चष्म्यावर आयएसओ 12312-2 हे मानक छापलेलं बघून घ्या. एक्स-रे फिल्म नको, काजळी धरलेली काच नको, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंबही नको. आणि नातवंडांच्या हातात लेझरचा टॉर्च असेल तर तो आजच काढून घ्या. तो पडदा खरोखर भाजतो, तेही क्षणात.

प्रश्न : घारीला एवढं लांबचं दिसतं, मग मांजा का दिसत नाही? आमच्या वाड्यातल्या उंबरावर दर वर्षी एक तरी घार लटकते. बघवत नाही.
– निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : सर, याचं उत्तर वरच्या पहिल्या उत्तरातच लपलंय. तीक्ष्ण नजर एक आणि फिकटावरचं फिकट ओळखणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत पक्षी, शिकारीसुद्धा, आपल्यापेक्षा कमी पडतात. उजळ आकाशावरचा बारीक दोरा त्यांच्यासाठी जवळपास नसल्यासारखाच. त्यात भर म्हणजे तोच छज्जा. गिधाडांच्या नजरेचा पल्ला मोजला तेव्हा दिसलं की डोळ्यावरच्या कपारीमुळे त्यांना वरचा बराच भाग दिसतच नाही. ती सूर्य डोळ्यात येऊ देत नाही. जमिनीवरचं मेलेलं जनावर शोधताना गिधाड मान खाली घालून उडतं, आणि मग तो आंधळा भाग नेमका समोर येतो. पवनचक्क्या आणि तारांवर गिधाडं का आदळतात याचं हे एक कारण संशोधक देतात. हे गिधाडांवरचं काम आहे, पण खाली बघत उडणारी प्रत्येक घार पाहिली की मला ते आठवतं. आपल्या पडद्याला जपायला तिने जो आडोसा केला, त्याच्या पलीकडे आपण काच लावलेला दोरा ताणला. नायलॉनच्या मांज्यावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी गेल्या जानेवारीत माझ्या हातातल्या घारीच्या पंखात तोच रुतलेला होता.

पहाटे आणि दिवस मावळताना पक्षी थव्याने ये-जा करतात, तेवढा वेळ तुमच्या वाड्यातली पोरं पतंग उतरवतील असं बघा, ती तुमचं ऐकतील. उत्तरायण झाल्यावर उंबरावरचा दोरा काढून घ्या, कारण तो पुढे वर्षभर कापत राहतो. आणि घार अडकलेली दिसली तर दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. जाड सुती पंचा तिच्या डोक्यावरून टाका. डोळे झाकले की ती शांत होते, बाज पाळणारे त्यासाठीच पक्ष्याला चामडी टोपी घालत. मग भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. खोकं उन्हात तर मुळीच नको, आणि गाडीत ठेवताना झाकण उघडून ‘जिवंत आहे का’ म्हणून सारखं बघू नका.