पायस्लोपने सुरुवात करणाऱ्याला थोडं सांगतो

अरे, पायस्लोप, म्हणजे उतार घसरेल का ते तपासणारं सॉफ्टवेअर, उतरवलंस ते चांगलं केलंस, पायथनमधलं आहे, बिशपची पद्धत (घसरू शकणाऱ्या मातीचे उभे काप पाडून हिशोब) वापरतं आणि कोड उघडा आहे म्हणजे आकडा कुठून आला ते स्वतः वाचता येतं, फुकट असण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पण लगेच मोठा घाट मॉडेल करायला बसू नकोस. आधी एक उतार कागदावर सोडव.

समज 20 अंशांचा लांबलचक उतार, मातीचा फाय (कणांमधल्या घर्षणाचा कोन) 30 अंश, कोहिजन (मातीचा चिकटपणा) शून्य. कोरडा असेल तर टॅन 30 भागिले टॅन 20, सेफ्टी फॅक्टर (1 च्या खाली गेला की उतार घसरतो) 1.59 येतो, मस्त. आता पाणी पार पृष्ठभागापर्यंत भरलंय आणि उताराला समांतर झिरपतंय असं धर, मातीचं वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन, तर तोच फॅक्टर 0.81 वर येतो! माती तीच, उतार तोच, फक्त पाणी आलं. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं तेही मुसळधार पावसातच, म्हणून सांगतो, वॉटर टेबल (जमिनीतल्या पाण्याची पातळी) अंदाजाने टाकू नकोस, पावसाळ्यातली पातळी विचार.

आणि हो, युनिट बघ. मी एकदा किलोन्यूटनच्या जागी किलोग्रॅम टाकले होते आणि अख्खा दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. पायस्लोप माती ज्यावरून घसरेल अशी बरीच वर्तुळं तपासतं, त्यातलं सगळ्यात कमी फॅक्टरचं वर्तुळ शोधाच्या हद्दीला चिकटलेलं दिसलं तर हद्द वाढवून परत रन कर, खरा धोका बाहेर राहिलेला असू शकतो.