पस्तिशीतल्या गाठीच्या पिंपल्स: आधी एवढंच करा

ताई, पस्तिशीत चेहऱ्यावर खोल गाठीचे पिंपल्स येतात म्हणून खचू नका. मीही सात वर्षं हे भोगलंय, आज चेहरा शांत आहे.

आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा, पार्लर नाही. खोल गाठी रेंगाळल्या की खड्डे कायमचे राहू शकतात. खासगी फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात, नाशिकमध्ये असाल तर सिव्हिलला, केसपेपर काढा. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा, मूळ हार्मोन्समध्ये असू शकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेडिकलवाल्याला विचारून घेतलेली ट्यूब. मी घेतली होती. आठ दिवस चेहरा आरशासारखा, बंद केल्यावर दुप्पट उसळी! ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, चेहऱ्याला लावू नका.

बाकी थोडक्यात:
- डॉक्टरांनी अडापालीन (पिंपल्सवर लावायचं औषध) दिलं तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच. आधी त्वचा सोलवटेल. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात.
- गाठ फोडू नका.
- आयसोट्रेटिनॉइनच्या (जास्त पिंपल्सवर पोटातून घ्यायच्या) गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीच नकोत. गर्भातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, म्हणून गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर किमान 1 महिना दिवस राहता कामा नयेत. बाळाचा विचार असेल तर कोणतंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

लेझर, पीलिंगचं नंतर बघू. आधी अपॉइंटमेंट घ्या, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या.